पाच मीटरची अट

आमच्या घरी मर्फी कंपनीचा रेडिओ होता आणि त्या रेडिओची एक पुस्तिका होती. दरवर्षी वडील ती पुस्तिका घेऊन टपाल कार्यालयात जात, शुल्क भरत, तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्का मारून घेत आणि घरी येऊन ती पुन्हा कपाटात, शिधापत्रिकेच्या खाली ठेवत. माझ्या पिढीतील वाचकांना हे आठवत असेल. तरुण वाचकांना कदाचित खोटे वाटेल. गाणी ऐकण्यासाठी सरकारचा परवाना? पण तो होता आणि १९८० च्या दशकात तो रद्द होईपर्यंत माझ्या वडिलांनी एकदाही चुकवला नाही. पुढे दूरसंचाराच्या हिशेबाशी संबंध असलेल्या केंद्रीय सेवेत आलो, तेव्हा त्या पुस्तिकेचे मूळ मला कायद्याच्या पुस्तकात सापडले. १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा म्हणत होता की, परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही अपराध आहे. वापरणे दूरच राहिले.

त्याआधीच्या १८८५ च्या तारायंत्र कायद्याने तारायंत्र उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे दिला होता. १९३३ च्या कायद्याने त्यात यंत्राच्या ताब्याची भर घातली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये वारंवारतांचे वाटप पाहण्यासाठी बिनतारी नियोजन व समन्वय शाखा अस्तित्वात आली. या दोन कायद्यांची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेने संमत केला तो थेट २०२३ मध्ये. म्हणजे संगणक, उपग्रह, मोबाइल आणि आंतरजाल हे सर्व या देशात आले ते तारायंत्राच्या काळातील कायद्याच्या छपराखाली.

या परवानापद्धतीची थट्टा करणे सोपे आहे आणि मी ती करू इच्छित नाही. दोघे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही, ही भौतिक वस्तुस्थिती आहे. विमानतळाचा संदेश आणि एखाद्या हौशी माणसाचे प्रयोग एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी कोणीतरी पंच असावाच लागतो. प्रश्न एवढाच होता की, पंचाने प्रत्येक चेंडूला परवानगी द्यावी की खेळाचे नियम सांगून बाजूला उभे राहावे.

याचे पहिले मोठे उत्तर एका बेटसमूहावर मिळाले. हवाई विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या होत्या, मुख्य संगणक ओआहू बेटावर होता आणि टेलिफोनच्या तारा महाग व बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओलहरींवरून संगणकांना जोडणारे 'अलोहानेट' सुरू केले. त्याचा नियम विलक्षण साधा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. पोच आली तर ठीक. आली नाही तर कोणाशी तरी टक्कर झाली असे समजून, कमीअधिक वेळ थांबून पुन्हा बोलावे. कोणी पाळी लावायची नाही, कोणी अर्ज करायचा नाही. या स्वैर पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम अठरा टक्केच उपयोगी पडते, हे गणिताने सिद्ध झाले. वेळेचे ठरावीक कप्पे पाडले तर ते प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे सदतीस टक्के होते. एखाद्या लेखापरीक्षकाने यावर 'उर्वरित क्षमता वाया' असा आक्षेप नक्की काढला असता! पण त्या अठरा टक्क्यांत बेटे जोडली गेली आणि आज घरोघरी असलेल्या वायफायच्या मुळाशी तीच कल्पना, पुष्कळ सुधारलेल्या रूपात, आहे.

दुसरे उत्तर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये दिले. सूक्ष्मलहरींच्या चुली आणि औद्योगिक यंत्रे ज्या पट्ट्यांत गोंगाट करतात व ज्यांना कोणी भाव देत नव्हते, ते काही पट्टे आयोगाने कमी शक्तीच्या दळणवळणासाठी विनापरवाना खुले केले. त्या टाकाऊ पट्ट्यांपैकी एक २.४ गिगाहर्ट्झचा. १९९७ मध्ये त्यावर चालणाऱ्या यंत्रांचे पहिले ८०२.११ मानक ठरले आणि काही वर्षांत त्या यंत्रांच्या किमती कोसळल्या.

अर्थशास्त्राच्या एम. ए. च्या वर्गात आम्हाला रोनाल्ड कोझ यांचा १९५९ चा निबंध नेमलेला होता. वारंवारता ही जमिनीसारखी दुर्मीळ वस्तू आहे, ती मंत्रालयाच्या मर्जीने न वाटता किमतीने वाटली जावी, असा त्यांचा युक्तिवाद. अमेरिकी आयोगापुढे त्यांनी तो मांडला तेव्हा एका सदस्याने हा विनोद आहे काय, असे विचारले होते म्हणतात. विनोद नव्हता, १९९४ पासून अमेरिकेत लिलाव होऊ लागले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिचे वाटप चुकले म्हणून १२२ परवाने रद्द केले. या लिलावाच्या गदारोळात दुसरा मार्ग झाकला गेला, तो म्हणजे काही लहरी विकायच्याही नाहीत आणि वाटायच्याही नाहीत, गावाच्या गायरानासारख्या मोकळ्या सोडायच्या. मी स्वतः वर्गात कोझ यांच्या बाजूचा होतो. गायरानाची किंमत मला नोकरीत कळली.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचे गायरान मोकळे झाले ते २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. त्याआधी इमारतीच्या आतील वापराला मोकळीक होती, घराबाहेर मात्र परवाना. ही अधिसूचना आमच्या राजपत्रातील सर्वांत छोट्या आणि सर्वांत दूरगामी अधिसूचनांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. प्रक्षेपकाची शक्ती एक वॉटपर्यंत, अँटेनासह परिणामी शक्ती चार वॉटपर्यंत. कोणाला अडथळा करायचा नाही, आपल्याला अडथळा झाला तर तक्रार करायची नाही. आणि अँटेना अस्तित्वात असलेल्या अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून पाच मीटरच्या आत असावी. एवढे पाळले की परवाना नको.

याचा पहिला मोठा लाभ धरमशालेत झाला. तेथील तिबेटी निर्वासितांच्या शाळा, दवाखाने, मठ आणि कार्यालये डोंगरउतारावर पसरलेली आहेत. अधिसूचना निघाली जानेवारीअखेर. फेब्रुवारी संपण्याआधी त्या जाळ्याने आठ परिसर जोडले होते! परदेशातून येऊन तेथे राहिलेल्या काही तंत्रज्ञांनी आणि स्थानिक तिबेटी तरुणांनी घरगुती वापराचे स्वस्त राउटर घेतले, त्यांतील आज्ञावली बदलली, पत्र्याच्या जलरोधक पेट्यांत ते बसवले आणि वीज नव्हती त्या टेकड्यांवर सौर पट्ट्या लावल्या. प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीचा संदेश पुढे ढकलते, असे हे जाळे. माकडे अँटेनांवर झोके घेतात आणि तारा चावतात, म्हणून सामान माकडांना पुरून उरेल असे निवडावे लागले. पुढे यातूनच 'एअरजल्दी' हे नाव रूढ झाले. डोंगरात पाच मीटरची अट कोणाला जाणवलीच नाही, कारण मनोऱ्याचे काम तेथे धौलाधारच्या उतारानेच केले होते.

पण हीच अट घेऊन गंगेच्या मैदानात उतरा.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसे. ज्याला उंचावरून पाहायचे आहे त्याने गडावर जावे, हे आपल्या अंगवळणी पडलेले. उत्तर प्रदेशात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा क्षितिजापर्यंत एकही उंचवटा नसलेली ती भूमी पाहून मला कित्येक दिवस अस्वस्थ वाटे. त्या अस्वस्थतेला तांत्रिक अर्थ आहे, हे नंतर समजले. समजा, तीस किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणे २.४ गिगाहर्ट्झवर जोडायची आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यभागी जमीन सुमारे तेरा मीटर वर आलेली असते. लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत, मध्ये फुगतात. त्या फुगवट्यासाठी आणखी अठरा मीटर मोकळे लागतात. वर आंब्याची बाग, ती बारा मीटर धरा. म्हणजे दोन्ही टोकांना चाळीस मीटरहून उंच मनोरे हवेत. दहा किलोमीटरसाठी हाच हिशेब चोवीस मीटरवर येतो. गच्चीवरच्या पाच मीटरच्या नळकांड्याने यातले काहीच साधत नाही, आणि त्याहून उंच मनोरा म्हटला की पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, पुन्हा दिल्ली.

कानपूरच्या आयआयटीने या शतकाच्या आरंभीच 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' या नावाने कानपूरच्या भोवतालच्या गावांत असे जाळे उभारून पाहिले होते. एक-दोन किलोमीटरपासून पस्तीस किलोमीटरहून अधिक लांबीचे दुवे त्यांनी वायफायच्या साध्या यंत्रांवर चालवले. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांचे त्यावरील लेखन मी पुढे वाचले. त्यांतील दोन गोष्टी मनात राहिल्या. पहिली तांत्रिक. वायफाय हे खोलीभर अंतरासाठी घडवलेले. संदेश पाठवल्यावर ते पोचेची वाट मोजके मायक्रोसेकंद पाहते. तीस किलोमीटरवरून पोच यायला, नुसता प्रकाशवेग धरला तरी, दोनशे मायक्रोसेकंद लागतात. पोच वाटेत असतानाच यंत्र ती आली नाही असे समजून तोच संदेश पुन्हा पाठवत बसते. शिवाय एकाच मनोऱ्यावर चार दिशांना चार अँटेना असतील तर एकीच्या बोलण्यात दुसरीचे ऐकणे बुडते. २००५ च्या त्यांच्या शोधनिबंधातील तोडगा असा की, मनोऱ्यावरील सर्वांनी एकाच वेळी बोलावे आणि मग सर्वांनी एकाच वेळी ऐकावे. ग्रामसभेत हा नियम लागू करता आला असता तर किती बरे झाले असते! असो. दुसरी गोष्ट माझ्या विषयातली होती. यंत्रे स्वस्त झाली, पण मनोरे नाहीत. एकूण खर्चात मनोरेच भारी पडतात. त्यामुळे मध्यभागी एक उंच मनोरा आणि भोवतालच्या दहा-पंधरा किलोमीटरांतील गावांत ठेंगणे खांब, अशी रचना काटकसरीची ठरते. तंत्रज्ञांनी केलेले हे अर्थशास्त्र मला फार आवडले.

आता माझी स्वतःची गोष्ट. २००६-०७ च्या सुमारास मी एका प्रादेशिक कार्यालयात वित्तीय सल्ल्याच्या कामावर होतो. मैदानी भागातील एका जिल्ह्याचा प्रस्ताव आला. जिल्हा मुख्यालय आणि विकासखंडांची कार्यालये अकरा मनोऱ्यांच्या बिनतारी जाळ्याने जोडायची, म्हणजे निवृत्तिवेतन, शिधा आणि भूमिअभिलेखांची कामे जागच्या जागी होतील. प्रस्ताव चांगला होता. मनोऱ्यांच्या परवानगीत वर्षाहून अधिक काळ गेला, त्याचा पाठपुरावा मीच केला आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. अंदाजपत्रकाच्या शेवटी एक परिशिष्ट होते. दर दोन वर्षांनी नव्या बॅटऱ्या, प्रत्येक केंद्रावर विजेचा दाब स्थिर राखणारे यंत्र, मनोऱ्यांची रंगरंगोटी आणि एका तंत्रज्ञाचे मानधन. योजना एकवेळच्या भांडवली अनुदानाची होती. मी नियमाप्रमाणे टिपणी लिहिली : 'परिशिष्टातील बाबी आवर्ती स्वरूपाच्या असल्याने अनुज्ञेय नाहीत, हा खर्च जिल्ह्याने स्वनिधीतून भागवावा.' दाब स्थिर राखणारे यंत्र आवर्ती नव्हते, पण ते त्याच परिशिष्टात होते, म्हणून तेही गेले. जिल्ह्याकडे असा स्वनिधी नाही हे मला माहीत होते. टिपणीत तसे लिहिण्याची सोय नव्हती, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

अडीच वर्षांनी तपासणीच्या निमित्ताने मी तेथे गेलो. अकरापैकी तीन केंद्रे चालू होती. एका विकासखंडाच्या कार्यालयात एक वयस्क ऑपरेटर होते. त्यांनी लोखंडी कपाट उघडून मला बंद पडलेले संच दाखवले. प्रत्येकाला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली, तीवर जळाल्याची तारीख. "सिग्नल तो आता है साहब, बत्ती ठीक नहीं आती," ते म्हणाले. मी बॅटऱ्यांविषयी विचारले. "सैंक्शन में बैटरी थी ही नहीं, साहब." ती टिपणी कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी चहा घेतला, तपासणी नोंदवहीवर सही केली आणि निघालो.

परतल्यानंतर काही महिन्यांनी तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाच्या जाळ्यावरील एक निबंध हाती आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतील एरिक ब्रूअर यांच्या गटाने थेनी परिसरातील ग्रामीण दृष्टिकेंद्रे लांब पल्ल्याच्या वायफायने रुग्णालयाशी जोडली होती. खेड्यातील रुग्ण केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांशी चित्रसंवाद करी. २००८ च्या त्या निबंधाचा विषय जाळे कसे उभारले हा नव्हता, ते जिवंत कसे ठेवावे हा होता. त्यांनी केंद्रांवरील वीज मोजली होती. २३० व्होल्टच्या तारेत हजार व्होल्टहून अधिक उसळणारे झटके, सत्तरच्या खाली उतरणारा आणि साडेतीनशेच्या वर चढणारा दाब. अशा विजेवर यंत्रे जळतात, अर्धवट बंद पडतात, बॅटऱ्या तळापर्यंत रिकाम्या होऊन मरतात. त्यांचा निष्कर्ष हा की, ग्रामीण जाळ्यांच्या बिघाडांचे मोठे कारण वीज. पाने उलटताना मला त्या कपाटातील चिठ्ठ्या दिसत होत्या.

शहरांतील कहाणी वेगळी, पण थोडक्यात सांगता येते. २००६ च्या सुमारास पुणे शहर बिनतारी करण्याची योजना गाजली आणि शहरभर पसरण्याआधीच विरली. अमेरिकेत फिलाडेल्फियाने हेच केले; तेथील कंत्राटदार कंपनीने २००८ मध्ये अंग काढून घेतले. तोवर मोबाइल कंपन्यांनी तीच सेवा खिशातल्या फोनवर देण्याची तयारी केली होती. मोठा प्रदेश बिनतारी जाळ्याने व्यापण्याचे काम भारतात अखेर त्यांनीच केले. लिलावात घेतलेल्या लहरी हे त्याचे एक कारण झाले. दुसऱ्याचा उल्लेख क्वचित होतो. मोबाइलच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी बॅटऱ्यांची रांग आणि डिझेलचे जनित्र असते. वीज गेली तरी मनोरा बोलत राहतो, कारण डिझेलचा पैसा ग्राहकाच्या बिलातून महिन्याच्या महिन्याला येत असतो. माझ्या भाषेत, तेथे आवर्ती खर्च अनुज्ञेय असतो.

गायरानही पुढे वाढले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरच्या वापरासाठी विनापरवाना मोकळे झाले. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची २०११ ची योजना पुढे भारतनेट झाली. अनेक ठिकाणी तंतू पोहोचला आणि टोकाचे यंत्र बंद राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपाला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, तीत उभारणीनंतर दहा वर्षांच्या देखभालीचाही समावेश आहे. तो कागद हाती आला तेव्हा मी आरंभीची उद्दिष्टे ओलांडून आधी देखभालीचे कलम शोधले.

राहिली त्या अकरा मनोऱ्यांची हकिकत. २०१४ मध्ये मी दुसऱ्या पदावर असताना त्या जिल्ह्यातील संचांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव, योगायोगाने, माझ्याच टेबलावरून जात होता. यादी नीट केलेली होती. प्रत्येक संचापुढे जळाल्याची तारीख, बहुधा त्याच चिठ्ठ्यांवरून उतरवलेली. 'निर्लेखनाचे कारण' या रकान्यात सर्वांपुढे एकच शेरा होता : तंत्रज्ञान कालबाह्य. मी तो खोडून 'वीजपुरवठ्यातील दोष. संरक्षक यंत्रे व बॅटऱ्यांची तरतूद मंजुरीच्या वेळी वगळण्यात आली' असे लिहिले, मूळ टिपणीचा क्रमांक व दिनांक दिला, आणि फाइल पुढे पाठवली. ती माझ्याकडे परत आली नाही.